मास कमी पडतंय

माझे साडू तात्या भेटल्यावर रामराम घालत नाहीत. आधी समोरच्याचा दंड चाचपतात, बाजारात बोकड घेताना चाचपतात तसा. अंगठा रुतला की निकाल लागतो, "चरबी." नाही रुतला तर, "हां, हितं मास हाय." माझ्या लग्नात मी बोहल्यावरून खाली उतरतोय तोवर त्यांनी माझा दंड पकडला आणि नव्या सासूबाईंसमोर जाहीर केलं, "पाव्हणं लोण्याचं हायेत. उन्हात ठिवू नका."

सगळे हसले. नवी नवरी शैला, तीही हसली. तेव्हापासून तात्यांविषयी माझ्या मनात जे काही आहे त्याला पुस्तकी मराठीत हेवा म्हणतात. आमची शैला त्याला सरळ 'जळणं' म्हणते.

जळायला कारणंही भरपूर होती. तात्या फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आष्ट्याला ऊस, अंगात कणा, पोट पाठीला चिकटलेलं. मी साताऱ्यात विम्याच्या कचेरीत बसून वाढलेला, म्हणजे रुंदीनं. फलटणला सासरवाडीत मटणातली नळी थोरल्या जावयाच्या ताटात जायची. माझ्या वाट्याला बटाटा यायचा, आणि वर समजूत, "रस्सा चांगला मुरलाय हो त्यात."

गेल्या वर्षी तात्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. निघाला तोच यकृतापर्यंत पोचलेला. सांगलीच्या डॉक्टरांकडे मीच गाडीतून नेलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "तात्या, आजार मुळातून जाणार नाही, पण औषधानं वेळ मिळेल. मात्र तुमचा मसल मास फार उतरलाय. असाच उतरत गेला तर औषध झेपणार नाही, थांबवावं लागेल."

एवढ्यातून तात्यांनी एकच शब्द उचलला. बाहेर येऊन बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना म्हणाले, "आगं, डाक्टर म्हंतोय मास कमी पडतंय. आन् तू मला दोडकं घालतीस व्हय?"

त्या दिवसापासून आष्ट्याच्या घरात सोमवार राहिला नाही, एकादशी राहिली नाही. नेमकी त्याच आठवड्यात माझी साखर वाढलेली निघाली आणि शैलानं मला दोडक्यावर ठेवलं. जगात दोडकी ठरावीकच असावीत. त्यांच्या घरातून उठली ती आमच्या घरात येऊन बसली. माणसानं आजारातसुद्धा साडूवर मात करावी, याला काय म्हणावं?

पुढच्या खेपेला अक्कांनी डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं, "रोज मास घालते बघा, सायेब."

डॉक्टर आधी गोंधळले, मग खो खो हसले. "अहो अक्का, ताटातलं नव्हे, अंगातलं! दंडाचं, मांडीचं. मटण द्या, अंडी द्या, डाळ-दूध द्या. पण जोडीला उठबस पाहिजे."

झालं. आता तात्या बोलता बोलता खुर्चीतून उठतात आणि बसतात. कारखान्याच्या निवडणुकीवर बोलायला लागले की त्यांच्या पाठोपाठ आपलीही मान वरखाली होते.

त्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर मीही उभा राहून घेतलं. तात्यांनी वाकून आकडा बघितला. "पाव्हणं, ह्यातलं धा किलो हिकडं सरकवता आलं आस्तं तर दोघांचं भागलं आस्तं की."

मग रविवारचे फोन सुरू झाले. "पाव्हणं, या. मटण हाय." दर रविवारी. शैला गहिवरून म्हणायची, "दाजी किती मायेनं बोलावतात!" मला माया वगैरे दिसत नव्हती. मला दाखवून खायचं, एवढाच बेत असणार. तरी जायचो. स्वाभिमान असतो, पण त्याला फोडणीचा वास सोसत नाही. तिथं गेलं की तात्या मला बरोबर समोर बसवायचे आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचे. घास उचलला की नजर वर, गिळला की नजर खाली.

गेल्या रविवारी माझा संयम संपला. बायका चुलीकडं होत्या. मी म्हणालो, "तात्या, माझे घास मोजताय का?"

तात्यांनी दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "आवं, न्हाई वो. त्या औषधानं तोंड मेलंय माझं. मटण खाल्लं तर लोखंड चावल्यागत लागतंय. हिला बोलू नका. सकाळपासनं वाटान वाटती बिचारी."

"मग रोज खाता कसं?"

"रोज कुटलं खातोय! सोमवारपासनं निम्मं ताट म्हागारी जातंय. रविवारी तेवढं सरतंय." मग म्हणाले, "तुमी हाड चोखताना डोळं मिटता न्हवं, तवा वाटतं, चव आसंल ह्याला. तेवढ्यात एक घास ढकलतो."

 ते हाताचा कोपर ताटाच्या कडेला टेकवून हसले.

"तुमच्या लग्नापासनं बघतोय की. फौजेत आमी नुसतं गिळलं. टाइम झाला, गिळलं. तुमच्यागत असं मन लावून जेवाय मला कवा जमलंच न्हाई. लय हेवा वाटायचा, गड्या."

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच गड्या म्हणाले.

मी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, डोळे मिटून खाल्ला. डोळे उघडले तर त्यांचाही जबडा हलत होता. मी पुढचा घास घेतला, त्यांनी घेतला. एरवी मी भराभरा जेवणारा नाही, पण त्या दिवशी आणखी सावकाश चावू लागलो, त्यांना गाठता यावं म्हणून. अक्का डोकावल्या, नवऱ्याचं रिकामं होत आलेलं ताट बघितलं आणि लगबगीनं भाकरी आणायला वळल्या.

मला ठसका लागायला आला. मी तांब्याकडं हात नेला, तसा समोरचा जबडा थांबला.

"पाव्हणं," तात्या हळूच म्हणाले, "पाणी मागनं प्या. मधीच थांबू नका."