थोडा म्हंजे किती बोटं?

वंदनासिस्टर माझ्या टपरीवरून रोज उकळता चहा नेते आणि एक घोटही न पिता ओतून देते. आमच्या मोहर्ली गावात माझ्या चहासाठी जंगलसफारीचे ड्रायव्हर भांडतात, आणि ही बाई तो नालीत ओतते! हिवाळाभर माझा जीव जळत होता.

समोरच्या उपकेंद्रात ती नर्स आहे. घरी एकटीच. थंडी पडली की तिची बोटं आधी खडूसारखी पांढरी पडतात, मग निळी. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली. त्या गोळीनं नसा सैल होतात आणि रक्त बोटांपर्यंत पोचतं म्हणे. पण मेडिकलवाल्याच्या तोंडून 'बीपीची गोळी' एवढंच गावात आलं, आणि गावानं निकाल लावून टाकला: चिडून चिडून बाईला बीपी झाला.

मग काय! सिस्टर मशीन घेऊनच टपरीवर यायला लागली. दंडाला पट्टा बांधून गिऱ्हाइकांना आकडा दाखवायची. "पाहा! मले बीपी नाई! माहे बोटं बिघडले, डोकं नाई!" हे ती इतकं ओरडून सांगायची की आकडा बघायला कुणी धजत नसे.

डॉक्टरांनी तिला संशोधनाचा एक कागदही दिला होता. गोळीनं त्रास थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही, असं त्यात होतं. तो कागद ती माझ्यापुढं आपटायची.

"थोडा फरक पडते म्हणते! थोडा म्हंजे किती बोटं, भाऊ? अन् वरून पायाले सूज! आमचे वरचे साहेब म्हणते, लेकरं तुमच्या गार हाताले दचकते, लसीकरण सोडा, कागदं भरा. कागदाले ताप येते काय?"

"मग गरम चहा पोटात जाऊ द्या ना!" मीही एकदा भडकलो.

"तुमी चहा द्या. कुठी ओतायचा ते मी पाहीन."

मग एक दिवस माझ्या नातीला लस द्यायची होती. सुनेसोबत मीही गेलो. सिस्टर माझ्याच चहाचा ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरून बसली होती. बोटं लाल झाल्यावर तिनं ती आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली, मगच नातीच्या मांडीला. पोरगी चक्क हसली. सुई टोचली तसं मात्र तिनं उपकेंद्र डोक्यावर घेतलं.

आता सिस्टर खेकसणार, असं मला वाटलं. ती हळूच म्हणाली, "भाऊ, सुईले रडली ना? माह्या हाताले नाई?"

"नाई बाई. हाताले तं हासली."

बाहेर अजून तीन लेकरं थांबली होती. गार झालेला चहा मीच नालीत ओतला आणि दुसरा उकळता आणायला निघालो.