गोमाबुवांचे बांध

भिसेगावच्या नव्या बाजारात हिंमतशेठच्या किराणा दुकानासमोरचा रस्ता अगदी सपाट आहे. खडी टाकून, रोलर फिरवून केलेला. तिथे आले की गोमाबुवा थांबत, धोतर सावरत, उजवा पाय गुडघ्याएवढा उचलत आणि तिथे नसलेले काहीतरी ओलांडत. मग डावा पाय. पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा तेच, न्हाव्याच्या गाळ्यासमोर तिसऱ्यांदा.

“काय बुवा, आज बांध ओला का सुका?” हिंमतशेठ गल्ल्यावरून विचारत.

“ओला हाय. तुमीबी बगून चाला शेठ, घसराल.”

हे बोलताना बुवा हसत नसत, त्यामुळे बाकीचे जास्त हसत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बाँबच्या धास्तीने मुंबईची माणसे कर्जतच्या आसपास जागा शोधू लागली. त्याआधी हा बाजार म्हणजे भाताची सहा खाचरे होती. जमीन मालकाची, पण कसणारे गोमाबुवा आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील. मालकाने प्लॉट पाडले. एक चाळ उठली, गाळे निघाले, मंगलोरी कौलांचे बंगले आले. बुवांच्या पायांना मात्र हे कोणी कळवले नव्हते.

प्रत्येक खाचराला नाव होते आणि बुवा पत्ता त्याच नावाने सांगत. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने त्यांना डॉक्टरांचे घर विचारले. बुवा म्हणाले, “जांभळीखालच्यात.” पाहुणा बॅग घेऊन तासभर जांभळीचे झाड शोधत राहिला. ते तोडूनच डॉक्टरांचा बंगला बांधला होता. त्या बंगल्याच्या ओट्यावरून बुवा रोज सकाळी या टोकाने चढून त्या टोकाने उतरत. डॉक्टर एकदा चिडले, “अहो, हे माझं घर आहे.”

“हाय की. माझ्या वाटंत आलंय, तर मी काय करू?”

मीही हसत असे. इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच. त्याचे कारण आता सांगतो.

या प्लॉटांची मोजणी मी केली. मालकाच्या कारभाऱ्याने मला त्या कामावर लावले होते. साखळीचे एक टोक माझ्या हातात आणि दुसरे गोमाबुवांच्या. हद्दी त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक होत्या? चार दिवस ते चिखलातून माझ्यापुढे चालले, दुपारी स्वतःच्या फडक्यातली भाकरी आणि सुकट माझ्यापुढे ठेवली. “ह्यो बांध माझ्या बापानं, हरीनं घातला,” असे सांगत सांगत ते शेवटच्या खाचरापाशी आले. त्याचे नाव ‘नवी’. “ही माझी. निस्ता खडक होता. तीन सालं डोईवरून माती वाहिली.”

मग साखळी खाली ठेवून त्यांनी विचारले, “भाऊसाहेब, कागदात कसनाऱ्याचं नाव लिवतात म्हनं. माझं पडंल ना?”

“पडेल,” मी म्हणालो.

कारभाऱ्याने सांगितले ते मी लिहिले. ‘जमीन पडीक. कूळ नाही.’ अक्षर माझेच, चांगले वळणदार. त्यानंतर कोपऱ्यावरचा एक प्लॉट मला जवळजवळ फुकट मिळाला. ती ‘नवी’ होती. तिच्यावर मी घर बांधले.

बुवांची कारवीच्या कुडाची झोपडी वसाहतीच्या टोकाला, न विकलेल्या प्लॉटवर उभी होती. माणूस एकटा, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली. रोज सकाळी ते माझ्या फाटकाशी येत.

“भाऊसाहेब, कागदात नाव हाय ना?”

“आहे हो.”

“मंग झालं.”

पाच वर्षे हे असेच चालले. पुढे पुढे तर मी दात घासता घासता ‘आहे’ म्हणू लागलो.

मग तोही प्लॉट विकला गेला. झोपडी पाडायला कारभारी दोन गडी घेऊन आला. बुवा जराही घाबरले नाहीत. “कागदात नाव हाय माझं. भाऊसाहेबांनी लिवलंय,” म्हणत त्यांनी सगळ्यांना माझ्या दारात आणून उभे केले.

“सांगा यांना. नाव हाय ना?”

कारभारी माझ्याकडे बघत होता. त्याला तो कागद पाठ होता. माझी बायको आतून दाराशी आली. मी म्हणालो, “मला... बघावं लागेल.”

बुवा गड्यांकडे वळले. “भाऊसाहेबांना आज बरं नाय. चला, मीच सोडतो घर.” आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी कुडाचे बंद सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या मागे फावड्याचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहतो तर बुवा माझ्या भिंतीमागे मातीचा बांध घालत होते. कडेला पाणी काढून द्यायला एक तोंड ठेवले होते.

“आजवर वरचं पानी मी झोपडीपाशी अडवायचो. ते समदं नवीत उतरतं,” ते म्हणाले. “तुमच्या नकाशात ते नाय.”

मी म्हणालो, “बुवा, तुमचं नाव मी लिहिलं नव्हतं.”

“ठावं हाय. कर्जतच्या कचेरीत एका मास्तरानं वाचून दावलं. दोन सालं झाली.”

“मग रोज विचारत का होता?”

फावड्याच्या पाठीने ते माती थापत राहिले. “मालकाशी भांडून मला काय मिळनार व्हतं? पन तुमी सांगाल, असं वाटायचं. चार दिस एका साखळीला व्हतो आपन. म्हनायचो, आज नाय तर उद्या सांगतील.”

त्यांनी फावडे धुऊन माझ्या भिंतीला टेकवले. “हे ठेवा. बांध दर साली लिंपावा लागतो.” मग भांड्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन ते भिवपुरीच्या बाजूला, मेहुण्याकडे निघाले.

बाजारातून जाताना मी त्यांच्या मागे थोडे अंतर ठेवून होतो. हिंमतशेठने सवयीने विचारले, “काय बुवा, ओला का सुका?” दुकानासमोरून, गिरणीसमोरून, न्हाव्याच्या गाळ्यासमोरून बुवा सरळ चालत गेले. पाय एकदाही उचलला नाही. हिंमतशेठ हातातले माप तसेच धरून बसले.

त्या आषाढात डॉक्टरांच्या बंगल्यात गुडघाभर पाणी शिरले, चाळीत चुली विझल्या. माझ्या घरात थेंब आला नाही. लोक माझ्या मोजणीचे कौतुक करून गेले, आणि मी तेही ऐकून घेतले.

बुवा पुन्हा आले नाहीत. मी शोधायला गेलो नाही. का गेलो नाही ते मला माहीत आहे. दर वर्षी फावडे घेऊन मी तो बांध लिंपतो. मला ते नीट जमत नाही. तिथे लिहायचे राहिले ते निदान इथे लिहितो.

खाचर : नवी. कसणार : गोमा वल्द हरी.