गाणं सुरू, लाईन बंद

रविवारी सकाळी अनुयानं मोबाइलवर गाणं लावलं आणि तिचे वडील हरिहर देशमाने हातातला चहा खाली ठेवून ताडकन उठले. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, मोरीतला नळ घट्ट पिळला, दाराची कडी हलवून बघितली आणि मग दापोडीतल्या त्या दोन खोल्यांच्या मधोमध उभं राहून विचारलं, "कुठं झालं?"

"काय कुठं झालं?" त्यांची बायको चित्रा म्हणाली. "दूध तापत होतं, ते तुम्ही बंद केलंत. एवढंच झालंय."

"गाणं लागलं ना!"

"अहो, ते घरात लागलंय. कंपनीत नाही."

हरिभाऊ ओशाळून खाली बसले. पण गाणं बंद होईपर्यंत त्यांचं चहाकडे लक्ष गेलं नाही. पंख्याचा आवाज नेहमीचाच आहे ना, याचा ते विचार करत होते.

आता यात हरिभाऊंचा तसा काही दोष नव्हता. ते चाकणच्या एका कोरियन कंपनीत लाईन लीडर होते. तिथं गाड्यांच्या सीटा बनत. लाईनवर कुणालाही काही खोट दिसली, शिलाई उसवलेली, नट ढिला, की त्यानं डोक्यावरची दोरी ओढायची. दोरी ओढली की लाईन थांबायची आणि भोंगा वाजायचा. लीडरनं धावत जायचं, खोट शोधायची, दुरुस्त करायची. मग भोंगा बंद आणि लाईन सुरू. पुढं नवे कोरियन मॅनेजर म्हणून हान साहेब आले. त्यांना त्या भोंग्याचा त्रास व्हायला लागला. माणसं घाबरतात, घाबरलेला माणूस दोरी ओढत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि ते चुकीचं नव्हतं. त्यांनी भोंगा काढला आणि त्या जागी आपल्या मुलीच्या आवडीचं गाणं बसवलं.

गाणं एका कोरियन गायिकेचं होतं. आधी समुद्राची लाट, मग मुलीचं खुदकन हसणं, मग गाणं. हान साहेबांनी सगळ्यांना गोळा करून अर्थही सांगितला. "समर है. समुंदर है. लड़की को लड़का अच्छा लगता है. बहुत खुश!"

"ती बाय खूश हाय," जुने फिटर मारुतराव म्हणाले, "आन आमी बोंबलत पळतोय व्हय?"

साहेबांना वाटलं होतं, गाण्यानं माणसं निवांत होतील. झालं उलटंच. भोंग्याला लोक कामावरच दचकायचे, आता कुठंही दचकायला लागले. पोरं रिक्षात, हॉटेलात, लग्नाच्या वरातीत ते गाणं वाजवायची आणि चाकण ते दापोडी पट्ट्यातली काही भली माणसं ते खुदकन हसणं ऐकून जागच्या जागी घामाघूम व्हायची. त्या बिचाऱ्या गायिकेला हे कळायला काही मार्ग नव्हता.

हा प्रकार चित्राच्या मात्र चटकन लक्षात आला. मोरीचा नळ वर्षानुवर्षं गळत होता. "बघतो" या शब्दावर तिनं अर्धा संसार काढला होता. त्या रविवारी तो नळ पिळला गेला आणि गळायचा थांबला. दुसऱ्या दिवशी हरिभाऊ पेपर वाचत बसलेले असताना तिनं कपाटाशेजारी उभं राहून हळूच गाणं लावलं. हरिभाऊ उठले, कपाटाचं लोंबकळणारं दार बघितलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. मग मिक्सर झाला, खिडकीचा बोल्ट झाला, पलंगाचं कुरकुरणं थांबलं. शेजारच्या विजयश्रीवहिनी एकदा सहज म्हणाल्या, "आमच्याकडंही पाठवा की गाणं." त्यांना म्हणायचं होतं, भाऊंना पाठवा.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण एक दिवस अनुया कॉलेजातून लवकर घरी आली. आई मोबाइल उंच धरून उभी होती, गाणं चालू होतं, आणि बाबा स्टुलावर चढून माळ्याचं दार ठोकत होते.

"आई," ती म्हणाली, "तूसुद्धा?"

"अगं, तेवढीच कामं होतात."

"मी दोन महिने या गाण्यावर नाच बसवतेय. वाकडच्या मॉलमध्ये स्पर्धा आहे. आणि तुम्ही त्याचा प्लंबर करून टाकला!"

"मग दुसरं गाणं घे ना," हरिभाऊ स्टुलावरून समजुतीनं म्हणाले.

"तुम्ही दुसरी कंपनी घ्या! ते गाणं आधी माझं होतं." तिचा आवाज चिरकला. "बाबा, खरं सांगा. तुम्ही माझा एक तरी नाच शेवटपर्यंत बघितलाय?"

"म्हणजे काय? शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला आलोय. सुट्टी टाकून आलोय."

"आलात. बघितलाय का?"

हरिभाऊ आठवायला लागले. त्यांना गॅदरिंग सगळी आठवत होती. एका वर्षी पडद्याचा बांबू कलला होता, तो त्यांनी मागं जाऊन धरून ठेवला होता. एका वर्षी माइकची वायर सैल होती. एकदा जनरेटर. पण अनुया कशावर नाचली होती, तिनं काय घातलं होतं, यातलं काहीच त्यांना दिसेना. तेव्हा कोरियन गाणंही नव्हतं. खोड त्यांचीच होती, गाण्यानं फक्त ती चारचौघांत आणली. हरिभाऊंना फार वाईट वाटलं. ते हातोडी घेऊन तसेच स्टुलावर उभे राहिले.

"या वेळी बघणार," ते म्हणाले. "जागचा हलणार नाही. शब्द."

विश्वास ठेवावा असं अनुयाला वाटत होतं, एवढं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मग तयारी सुरू झाली. रोज संध्याकाळी हरिभाऊ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि चित्रा गाणं लावायची. लाटेपर्यंत ठीक असायचं. हसण्याला उजवा पाय हलायला लागायचा. पहिलं कडवं संपेपर्यंत ते खुर्चीसकट स्वयंपाकघराच्या दारात पोचलेले असायचे.

शेवटी त्यांनी मारुतरावांना गाठलं. "मारुतराव, रविवारी पोरीच्या नाचाला माझ्याशेजारी बसा. मी उठायला लागलो की धरून ठेवा."

"धरतो की! आपल्या पोरीचं काम हाय," मारुतराव म्हणाले. "सुजितलाबी घेतो. दोघं दोन बाजूंनी."

सुजित लाईनवरचा तरणाबांड ऑपरेटर, परभणीचा. योजना चांगली होती. तिच्यात एकच खोट होती, आणि रोज खोट शोधणाऱ्या तिघांपैकी एकालाही ती दिसली नाही.

रविवारी मॉल गच्च भरला होता. पुढच्या रांगेत मारुतराव, हरिभाऊ, सुजित आणि कडेला चित्रा. अनुयाचं नाव पुकारलं गेलं. ती पिवळ्या फ्रॉकमध्ये स्टेजवर आली, तिनं आधी पहिल्या रांगेकडे बघितलं. बाबा होते. लाट आली. ते हसणं आलं. आणि मारुतराव नि सुजित एकदम उभे राहिले.

"कुठं झालं, भाऊ?" सुजित ओरडला.

"बसा!" हरिभाऊंनी दोघांचे शर्ट मागून धरून खाली ओढले. "मला धरायला आणलंय तुम्हाला!"

"काय करू, पाय न्हाई ऐकत," मारुतराव कुजबुजले.

"काका, बसा की! दिसत नाहीये," मागून एक बाई म्हणाल्या.

हरिभाऊ बसून राहिले. दोघांचे शर्ट मुठीत धरल्यामुळं त्यांना उठताच येत नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट झाली. पण डोळे कोण धरणार? ते स्टेजच्या कार्पेटच्या कडेवर गेले. तिथून स्पीकरच्या स्टँडवर. तिथून निवेदकाच्या बुटाच्या सुटलेल्या नाडीवर.

"अहो, तिच्याकडं बघा," चित्रा दात आवळून म्हणाली.

"बघतोय."

"तो स्पीकर आहे!"

हरिभाऊंनी मान वळवली, पण नजर वळेना. कपाळावरून घाम ओघळत होता. स्टेजवर त्यांची मुलगी गिरक्या घेत होती आणि त्यांना तिच्या मागचा एक हलणारा दिवा दिसत होता. आपण शब्द दिला, बसून राहिलो, आणि तरीही आज पुन्हा काहीच बघणार नाही, हे त्यांना कळत होतं. तसं कळत असूनही ते दिव्याकडंच बघत होते.

आणि गाणं बंद पडलं.

निवेदकाचा लॅपटॉप अडकला होता. मॉलभर "अरेरे" झालं. अनुया एक हात वर, एक पाय चवड्यावर, तशीच थांबली. मागच्या बाई हळहळल्या. सगळ्या गर्दीत फक्त तीन माणसांच्या छातीवरचा दगड उतरला. चाकणला गाणं बंद झालं याचा अर्थ एकच असतो. खोट सापडली, दुरुस्त झाली, सगळं ठीक चाललंय.

"सुटलो बाबा," म्हणत मारुतरावांनी रुमालानं तोंड पुसलं. सुजितनं लाईन सुरू झाल्यावरच्या सवयीनं दोन टाळ्या वाजवल्या. हरिभाऊंच्या मुठी सुटल्या. ते खुर्चीत मागं रेलले, आणि शोधायला काहीच उरलं नाही म्हणून त्यांनी समोर बघितलं.

समोर अनुया होती. केस कपाळाला चिकटलेले, श्वास लागलेला, पण वर नेलेला हात खाली येत नव्हता. एवढी मोठी कधी झाली ही? एवढी छान कधी उभी राहायला लागली? हरिभाऊंना एकदम भरून आलं. ते डोळ्यांची पापणीही न हलवता बघत राहिले, आणि बघता बघता हसले.

अनुया लॅपटॉपकडं वळायला निघाली होती. बाबांकडं नजर गेली आणि ती तिथंच थांबली.

"सॉरी, सॉरी," निवेदक म्हणाला. "एक मिनिट. परत पहिल्यापासून लावतो गाणं."

हे ऐकल्याबरोबर सुजित खुर्चीच्या कडेला सरकला. हरिभाऊंचे हात आपोआप शेजारच्या शर्टांकडे गेले. अनुयानं तेही बघितलं.

"सर," ती म्हणाली, "गाणं नको."

"म्हणजे? अगं, गाण्याशिवाय केलंस तर नंबरात धरता येणार नाही. नियम आहे."

"नका धरू."

"दोन महिने मेहनत केली असशील ना? मग असं का?"

"बाबा बघतायत," अनुया म्हणाली, आणि जिथं थांबली होती तिथूनच तिनं पुढं नाचायला सुरुवात केली.