मागच्या बाकावरचा नमुना

तिसरीच्या वर्गात एक मूल जास्त झालं होतं आणि ते कोण, हे बाईंना काही केल्या सापडत नव्हतं.

वर्गात डोकी होती तेवढीच होती. पण नव्या टॅबलेटवर मुलांच्या नावांखाली एक जास्तीची लाल ओळ दिसायची : 'नमुना विद्यार्थी'. टॅबलेट शिकवायला आलेल्या तरुणाने ती दाखवण्यापुरती घातली आणि पुसायचं विसरून तो निघून गेला. चाचणी झाली की टॅबलेट मुलांना रंग द्यायचा. येतंय तो हिरवा, अडखळतोय तो पिवळा, मागे पडलाय तो लाल. मग ज्याचा जसा रंग, तसं त्याला शिकवायचं. नमुन्याने एकही चाचणी दिली नव्हती, म्हणून तो लालभडक.

बाईंना या रंगांचं फारसं अप्रूप नव्हतं. मुलाची बोटं बाकाखाली हलताना दिसली, की याची वजाबाकी कच्ची आहे हे त्यांना कळायचं. अजूनही कळायचं, पण हल्ली त्यांना तसं कोणी विचारत नसे.

"बाई, हा नमुना कोण?" मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ऑफिसात बोलावून विचारलं.

"माझ्या वर्गात सगळेच नमुने आहेत."

"चेष्टा पुरे. आधीच लाल बरेच, त्यात याच्यापायी अख्खा वर्ग मागे दिसतोय. साहेब तपासणीला येणार आहेत. असंच राहिलं तर वर्ग तुमच्याकडून काढून घेतील, सांगून ठेवते."

बाईंनी पहिलीपासून हाताला धरून आणलेली मुलं होती ती. "मग त्याचं नाव काढून टाका ना!"

"काढायला गेले, तर टॅबलेट शाळा सोडल्याचा दाखला मागतोय. आणि दाखल्याला पालकांचा अर्ज."

"अहो, जो जन्मलाच नाही त्याचे आईबाप कुठून आणू?"

"नाही ना आणता येत? मग शिकवा त्याला!" मोठ्या बाई वैतागून म्हणाल्या.

आपणच उत्तरं भरून टाकावीत, असं बाईंच्या मनात आलं. पण जन्मभर कोणाला कॉपी करू दिली नाही, ती आता स्वतः करायची? बाईंनी तो विचार झटकून टाकला.

पुढची चाचणी झाली. मुलांनी टॅबलेट परत केले, बाईंनी निकाल उघडला आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. नमुन्याने गणिताचा पेपर सोडवला होता.

जास्तीचा असा एकच टॅबलेट, तो तर मोठ्या बाईंच्या कपाटात, कुलपात होता. मुलं सगळी आपापल्या जागी होती. मग हा कुठे बसून लिहितो? बाईंनी उत्तरं पाहिली. वजाबाकीत गडी शेजारचा दशक सुटा करून घेत होता आणि तिकडचा एक कमी करायला विसरत होता. प्रत्येक गणितात तीच चूक. बाईंची भीती तिथल्या तिथे मागे पडली. चूक दिसली की त्यांना राहवत नसे.

"आज हातच्याची वजाबाकी पुन्हा," त्यांनी जाहीर केलं. "नमुन्याला येत नाही."

"तो कुठे बसतो, बाई?" पहिल्या बाकावरच्या बडबड्या मुलीने विचारलं.

"तिकडे." बाईंनी बोट केलं ते मागच्या खिडकीजवळच्या रिकाम्या बाकाकडे. त्याचा एक पाय आखूड होता. बसणाऱ्याने पाय हलवले की तो टक टक वाजायचा, म्हणून तिथे कोणाला बसवत नसत.

बाईंनी काड्यांचे गठ्ठे सोडले, बांधले, पुन्हा सोडले. सगळं त्या बाकाकडे बघत, सावकाश. फळ्याकडे वळल्या, तेव्हा पाठीमागे आवाज आला. टक. टक.

वारा असेल, असं म्हणून त्या खिडकी लावायला गेल्या. खिडकी बंदच होती.

त्यानंतरच्या चाचणीत नमुन्याची वजाबाकी बरोबर आली. मग वाचनही सुधारू लागलं. मुलांनी तर त्याला कधीच वर्गात घेतलं होतं. त्याच्या बाकावर कोणी दप्तर ठेवलं, तर भांडणं व्हायची. बाई मात्र संध्याकाळी वर्गाला कडी लावताना मागे वळून बघेनाशा झाल्या.

साहेब आले. टॅबलेट बघून खूश झाले. "वा! सगळ्यात जास्त प्रगती या नमुन्याची. जरा उभा राहा बघू, बाळ."

मुलं माना वळवून रिकाम्या बाकाकडे बघू लागली. आता खरंच कोणी उठतंय की काय, असं वाटून बाईंनी डोळे मिटून घेतले.

"मी आहे," दाराशी कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

मोठ्या बाईंनी हात वर केला होता.

"शाळेला लाल डाग नको, म्हणून कपाटातल्या टॅबलेटवर मीच गणितं सोडवली, साहेब. पहिल्यांदा सगळी चुकली. हातचा माझा लहानपणापासून कच्चा आहे. मग व्हरांड्यात उभी राहून बाईंचं शिकवणं ऐकलं. तेव्हा कुठे जमलं."

साहेबांनी टॅबलेटवरचे सगळ्यांचे रंग पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले. "नमुन्याचं राहू द्या," शेवटी ते म्हणाले, "पण बाई, त्याच्यासाठी शिकवलंत आणि तुमचे निम्मे लाल हिरवे झालेत. वर्ग तुमच्याकडेच राहील." आणि मोठ्या बाईंकडे वळून, "तुम्हीही येत जा वर्गात. आत बसूनच ऐका."

साहेब गेल्यावर बाईंनी मोठ्या बाईंचा हात धरला. "किती घाबरवलंत हो! आणि वाचन काय सुरेख केलंत!"

"वाचन?" मोठ्या बाई दचकल्या. "मी फक्त गणित सोडवलं. वाचन मी उघडलंसुद्धा नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

बाई वर्गात परतल्या. मुलांना धडा काढायला सांगून त्या तारीख लिहायला फळ्याकडे वळल्या. मागून आवाज आला. टक. टक.

बाईंचा खडू क्षणभर थांबला. मग मागे न बघताच त्या म्हणाल्या, "पाय हलवू नकोस."

आवाज थांबला.