रांजणामागची बाटली

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला आलेल्या जावयाचा थाट काय विचारता! पण विकासच्या घशाखाली पुरणाचा धोंडा काही उतरत नव्हता. त्याचा सगळा जीव ओसरीतल्या रांजणामागे अडकला होता. तिथे ओल्या पोत्याखाली त्याने सकाळीच एक बाटली लपवली होती आणि घर होतं केनवडच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष उकंडराव यांचं.

आसेगावचा विकास पुण्याला नोकरीला गेला आणि तिथे त्याला फ्रेंच वाइनचा नाद लागला. नाद तरी साधा कुठला? सगळ्यांना ठाऊक असलेली वाइन त्याला चालत नसे, आडबाजूच्या डोंगरी भागातली हवी. ही बाटली ज्युरा नावाच्या मुलखातली, पिवळीधमक, मुंबईच्या एका दुकानात खेटे घालून मिळवलेली. वाटेत मेहकरच्या मित्राला थोडी चाखवली. उरलेली गाडीत ठेवावी, तर त्या उन्हात तिचा काढा झाला असता. म्हणून त्याने घरातली सगळ्यात गार जागा हेरली. ओलीने बाटलीवरचा नावाचा कागद निघून गेला, तेही पथ्यावरच पडलं असं त्याला वाटलं.

जेवणं आटोपली आणि समितीची माणसं येऊन टेकली. सचिव दौलतसिंग पोटावरून हात फिरवत होते. शेजारी रुखमाबाई बसल्या, नाल्यातले गावठी दारूचे हंडे स्वतःच्या हाताने फोडणाऱ्या.

"पोट फुगून राह्यलं राव," दौलतसिंग म्हणाले.

"थांबा भाऊ," सासूबाई विजयमाला उठल्या, "यायचा गोमूत्राचा अर्क हाय ना रांजणामांगं. रोज घेतात हे."

विकासने रुमालाने कपाळ पुसलं. सासऱ्यांच्या कपाळावरही घाम दिसला, पण ऊनच तसं होतं.

"राहू दे वं, त्याले सोडा दे," उकंडराव घाईने म्हणाले. तोवर पिवळी बाटली बाहेर आलीही होती.

दौलतसिंगांनी एक चमचा घेतला, मग दुसरा, मग वाटीच पुढे केली. "बम चांगला हाय अर्क. गायीले ढेप चारता का बदाम?"

रुखमाबाईंनी बाटली ओढून नाकाशी नेली.

"अध्यक्षसायेब, ही दारू हाय."

सगळ्यांच्या नजरा उकंडरावांकडे वळल्या. विकास पेचात सापडला. गप्प राहावं तर सासऱ्यांची जन्माची अब्रू मातीत जाणार आणि बोलावं तर निकिताला, त्याच्या बायकोला, माहेरी मान वर करायला जागा उरणार नाही. तो उभा राहिला.

"माझी आहे ती. फ्रान्सची. ज्युरा म्हणून भाग आहे तिकडे. सहा वर्षं पिंपात मुरवतात."

"सहा वर्षं?" रुखमाबाई म्हणाल्या. "आमच्या गावातला गडी सहा घंटे दम धरत नाही."

"खरंच सांगतो. मुंबईत एका दुकानात मिळते फक्त."

"बसा जावईबापू." रुखमाबाईंनी पदराने डोळे टिपले. "सासऱ्याच्या इज्जतीसाठी येवढं खोटं कोण बोलते? जावई असावा तर असा. अध्यक्षसायेब, यायच्या तोंडाकडं पाहून आज सोडलं. पुन्ना नाही."

बाटली आपलीच असल्याची विकासने शपथ घेतली, तशी त्यांना त्याची अधिकच दया आली. समिती उठली. दौलतसिंग जाताना बाटलीकडे वळून वळून पाहत होते. सासूबाई मात्र तडक आत गेल्या आणि भांडी आपटू लागल्या.

उकंडरावांनी जावयाचा हात घट्ट धरला. "तुमी मले वाचवलं. गुडघ्यासाठी घेतो थोडीशी. हिले वाटे अर्क हाय. अन ते फ्रान्सचं काय रचलं तुमी! मलेच खरं वाटलं असतं."

खरं काय ते सांगावं, असं विकासच्या अगदी ओठावर आलं, पण देव पावला होता, त्याला कशाला टोकायचं?

"आता दुसरी जागा पाहा लागते," असं म्हणत उकंडरावांनी रांजणामागे हात घातला, तो तिथेच थबकला. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक बाटली होती, त्यांची स्वतःची, गळ्यापर्यंत भरलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पिवळीकडे पाहिलं आणि मग विकासकडे. विकासला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं.

उकंडरावांनी पिवळी बाटली तोंडाला लावली. घोट बराच वेळ गालात धरला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून आवाज अगदी खाली आणला.

"मुंबईत कोण्या दुकानात म्हणाले तुमी?"