मिकानपुढची रांग

"बाबा, आपल्या घराला आग लागली, तर तुम्ही आधी कुणाला बाहेर काढाल? मला की मिकानला?"

हा प्रश्न चिनात्सुच्या डोक्यातला नव्हे. रिओको आणि सावा या तिच्या जिवलग मैत्रिणींनी डबा खाता खाता तो तिच्या गळ्यात मारला होता. "आज जेवताना विचारून दाखव! नाहीतर पथकाची प्रमुख म्हणून मिरवू नकोस!" आता असं म्हटल्यावर चिनात्सु हिरामात्सु मागे हटते की काय! गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी इतक्या बारीक आवाजात 'हजर' म्हणायची की वर्गात बसलेली असून तिची गैरहजेरी लागायची. पण या एप्रिलमध्ये ती शाळेच्या प्रोत्साहन पथकात शिरली. बेसबॉलच्या मैदानाबाहेर उभं राहून आपल्या संघासाठी घसा फोडायचा, एवढंच या पथकाचं काम. पथकात मुलं पाच. पैकी चौघांचा आवाज सरावातच बसला. उरली चिनात्सु. झाली प्रमुख! तेव्हापासून ती घरात मीठसुद्धा असं मागायची की समोरच्या घरातला कुत्रा उठून उभा राहायचा.

तर, प्रश्न विचारला गेला. बाबांनी हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"मिकान तर कारखान्यात असते."

"समजा, घरी असली तर!"

बाबा विचारात पडले. खरोखरच विचारात पडले! मिसोचं सूप निवलं तरी यांचा विचार संपेना.

"हे बघ, मिकान दीडशे किलोची आहे," ते शेवटी म्हणाले. "तिला उचलायला चार माणसं लागतील. तुला काय, पाय आहेत. तू येशील की चालत."

"आणि मी?" आईनं विचारलं.

"तू आग विझवत असशील."

आता ही मिकान कोण, ते सांगायलाच हवं. मिकान म्हणजे रोबो. पाण्याचे पंप बनवणाऱ्या ज्या कारखान्यात बाबा होते, तिथे सामान वाहून नेणारे रोबो होते. बुटके, चपटे, चार चाकांवर जेवणाचा पाट ठेवावा तसे. सुट्या भागांच्या मांडणीखाली घुसायचं, ती अख्खी मांडणी पाठीवर उचलायची आणि कामगारांपर्यंत नेऊन ठेवायची. बाकीच्यांना नुसते आकडे होते. पण सगळ्यात आधी आलेली ही एक संत्र्यासारखी केशरी होती, म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं मिकान, म्हणजे जपानीत संत्रं! लाड काय विचारता! "आज मिकाननं कोपऱ्यावर काय अलगद वळण घेतलं!" "मिकानचा आवाज थोडा सर्दी झाल्यासारखा येतोय, चाकात धूळ गेली असणार." चिनात्सु पथकाची प्रमुख झाली तेव्हा बाबा काय म्हणाले होते? "हं." बस्स, हं! बाबांच्या फोनवर पूर्वी बालवाडीतल्या चिनात्सुचा, मुळा उपटतानाचा फोटो असायचा. आता तिथे मिकान होती. तीही समोरून नाही, तर बाजूनं! अंगाचा बांधा छान दिसावा म्हणून!

हेही एक वेळ चिनात्सुनं गिळलं असतं. पण रविवार आला ना आडवा!

रविवारी बेसबॉल स्पर्धेची पहिली फेरी. हरला तो संघ घरी. आणि चिनात्सुच्या शाळेनं पहिली फेरी शेवटची जिंकली, तेव्हा चिनात्सु जन्मायची होती. म्हणजे बाबांनी तिला मैदानावर बघायचं तर या वर्षात हा एकच दिवस!

"येणार ना, बाबा?"

"शनिवारी कारखान्यात कुटुंब दिन आहे," बाबा सुपात बघत म्हणाले. "टोकियोचे मोठे साहेब मिकानला बघणार आहेत. त्यांना ती फारच आवडली, तर रविवारी तिला घेऊन नागोयाच्या प्रदर्शनात जावं लागेल. तेव्हा... बघू."

बघू! सख्ख्या मुलीला 'बघू', आणि त्या ठोकळ्याबरोबर नागोया!

दुसऱ्या दिवशी शाळेत चिनात्सुनं बाकावर मूठ आपटली. "मी त्या मिकानला साहेबांसमोर तोंडघशी पाडणार!"

"तोडफोड करणारेस?" सावाचे डोळे बशीएवढे झाले.

"छे! बोटसुद्धा लावणार नाही. बाबाच सांगतात, कुणी समोर आलं की ती थांबते आणि वाट मागते. समोरचा हलला नाही तर ती पण हलत नाही. मग? मी नुसती उभी राहणार! साहेब बघतील, रोबो ढिम्म! म्हणतील, 'अरे, हा तर सोफा आहे!' खेळ खलास!"

"तू ना, एका यंत्रावर जळतेयस," रिओको म्हणाली.

"मी? जळतेय? त्या पाटावर? हॅ!" चिनात्सु इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या वर्गातले शिक्षक शिकवायचे थांबले.

शनिवारी सकाळी सराव उरकून ती तशीच कारखान्यात आली. अंगात पथकाचा लांब काळा कोट, हातात पांढरे हातमोजे, दंडावर प्रमुखाची लाल पट्टी. खरं तर बदलायला कपडे होते पिशवीत. पण लाल पट्टी काढवते का कुणाला! कारखान्यात जत्रा भरली होती. पोरंबाळं, आजीआजोबा, कॅन्टीनमधून करी-भाताचा घमघमाट. आई सरळ त्या वासाच्या दिशेनं गेली. चिनात्सु गेली मिकानच्या दिशेनं.

आली! दिवे लुकलुकत, बालगीताची धून वाजवत, पाठीवर मांडणी घेऊन स्वारी डुलत डुलत आली. चिनात्सु तिच्या वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि पांढऱ्या हातमोज्याचा पंजा तिनं ताठ पुढे धरला. थांब!

मिकान थांबली. धून बंद झाली.

"माफ करा. जरा वाट द्याल का?"

आवाज काय गोड! पाकात बुडवून काढलेला!

"नाही देणार!"

"माफ करा. जरा वाट द्याल का?"

"नाही म्हटलं ना!"

"माफ करा. जरा वाट द्याल का?"

भांडणाऱ्याशी भांडता येतं हो. पण जी सारखी माफीच मागते, तिचं काय करायचं? चिनात्सुनं पाय आणखी फाकवले, हनुवटी वर केली आणि डोळे त्या केशरी ठोकळ्यावर रोखले. आणि इथेच घोटाळा झाला. कारण तिच्या पाठीमागे काय चाललंय, ते तिला दिसेना.

पाठीमागे एक आजी आल्या. हातात छत्री, डोक्यावर उन्हाची टोपी. त्यांनी काय पाहिलं? एक मुलगी शांतपणे उभी आहे. हातात पांढरे मोजे आहेत. दंडावर पट्टी आहे. म्हणजे व्यवस्थापनाचीच! आजी तिच्यामागे एक पाऊल अंतर ठेवून नीट उभ्या राहिल्या. आजींच्या मागे बाबागाडी घेऊन एक जोडपं उभं राहिलं. त्यांच्या मागे एक अख्खं कुटुंब. आपल्याकडे दोन माणसं एकामागे एक उभी दिसली की तिसऱ्याला चैन पडत नाही, आणि पाच दिसली की पन्नास व्हायला वेळ लागत नाही!

"कशाची रांग आहे हो?"

"माहीत नाही. पण एवढी मोठी आहे, म्हणजे चांगलंच काहीतरी असणार."

"टॉवेल देतायत म्हणे."

"टॉवेल? मी तर कलिंगड ऐकलं."

मागे मागे जावं तसं बक्षीस वाढत गेलं. कॅन्टीनच्या दारापर्यंत रांग पोचली, तेव्हा प्रत्येकाला घरी न्यायला एकेक रोबो मिळणार होता!

एवढ्यात कार्यालयातले कुवाबारा-सान धावत आले. रांग बघून त्यांचा चेहरा उजळला. सकाळपासून ते एक पाटी काखोटीला मारून फिरत होते: 'रांगेचा शेवट इथे.' दर वर्षी पाटी आणायचे आणि दर वर्षी रांगच लागायची नाही! त्यांनी शेवटच्या माणसाच्या हातात मानानं पाटी दिली आणि दारातून बाहेर चाललेली रांग झोकात आत वळवली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, सापासारखी. अगदी देखणी रांग! फक्त ती बाकीच्या सगळ्या रोबोंच्या वाटांवरून गेली.

मग काय! पलीकडून एक रोबो आला, थांबला. "माफ करा. जरा वाट द्याल का?" डावीकडून दुसरा. "माफ करा..." मागून तिसरा, चौथा. सगळीकडून माफीचा पाऊस! आणि रांगेतली माणसंही घरंदाज. कमरेत वाकून म्हणायची, "छे छे, माफी आम्हीच मागायला हवी!" पण हलायचं मात्र कुणी नाही. हललं तर नंबर जाईल ना! रोबो माफी मागतायत, माणसं वाकतायत, पुन्हा रोबो, पुन्हा माणसं. पलीकडे पंप जोडणारे कामगार रिकामे हात घेऊन नट-बोल्टांची वाट बघत उभे!

"मिकान!"

बाबा! टोपी एका हातात, घामानं डबडबलेले. धावत आले ते थेट गुडघ्यांवर बसले. "मिकान, काय झालं गं? कुठे अडकलीस?"

गं! गेल्या महिन्यात चिनात्सु सायकलवरून पडली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "सायकल ठीक आहे ना?"

बाबांनी मान वर केली. "चिनात्सु? तू इथे काय करतेयस?"

"उभी आहे!"

"ते दिसतंय! पण का?"

चिनात्सुनं तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचंच तिनं ठरवलं होतं. पण मागून आजींनी तिच्या कोटाची बाही ओढली. "बाळ, आता माझा नंबर ना? पाय दुखायला लागले गं."

चिनात्सु गर्रकन वळली. आणि तिला रांग दिसली. सापासारखी, दारापर्यंत! शेकडो डोळे तिच्याकडे लागलेले, आणि त्या सगळ्यांना काहीतरी हवं होतं! प्रमुखाच्याही अंगातली हवा गेली. ती बाजूला झाली आणि आजी मिकानच्या समोर उभ्या राहिल्या.

"माफ करा. जरा वाट द्याल का?"

"अगंबाई!" आजींनी छातीवर हात ठेवला. "किती गोड! माझ्या सुनेनं इतक्या वर्षांत एकदा असं म्हटलं असेल तर शपथ!" त्यांनी वाकून नमस्कार केला आणि त्या बाजूला झाल्या.

"आभारी आहे," मिकान म्हणाली.

टाळ्या! अख्ख्या कारखान्यात टाळ्या! टॉवेल नको, कलिंगड नको, लोकांना फक्त मिकानकडून वाट मागवून घ्यायची होती. बाबागाडीतलं बाळ पुढे झालं, त्याचीही मिकाननं माफी मागितली. मग एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ पुढे आले. करीचा डाग पडलेला टाय सारखा करून ते मिकानसमोर सावधान उभे राहिले.

बाबा पांढरेफटक पडले. "शि... शिमोदा साहेब! आपण? रांगेत?"

"रांग दिसली, उभा राहिलो," टोकियोचे मोठे साहेब म्हणाले.

"माफ करा. जरा वाट द्याल का?" मिकान म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हिरामात्सु-सान, मुख्य कार्यालयात दिवसभर मीच सगळ्यांची माफी मागत असतो. आज पहिल्यांदा कुणीतरी माझी मागितली!" आणि ते इतके खाली वाकले की टक्कल मिकानच्या दिव्यात केशरी झालं. "सामान वाहणारे रोबो खूप पाहिले. पण ज्याच्यापुढे माणसं आनंदानं रांग लावतात, असा हा पहिलाच! उद्या नागोयाला हीच जाणार. आणि तुम्हीही! काय सुंदर आखणी केलीत! ही मुलगी कुठून आणलीत?"

"घरून," बाबा कसेबसे म्हणाले.

संध्याकाळी जेवताना चिनात्सुनं मुळ्याचं लोणचं असं चावलं, जणू त्याचंच नाव मिकान होतं.

"घ्या," ती शेवटी फुटली. "आवडली ना तुमची लाडकी सगळ्यांना! जा नागोयाला. अभिनंदन!"

बाबांनी भाताचा वाडगा खाली ठेवला. "चिनात्सु, साहेब दर वर्षी येतात. मिकानकडे बघतात, 'छान' म्हणतात, करी खातात आणि जातात. प्रदर्शनाला पलीकडच्या विभागातला खोकी रचणारा यंत्रहात जायचा, हे जवळपास ठरलेलं होतं."

"मग?"

"मग काय! मी उद्या मैदानावर येणार होतो. तुला आज सांगणार होतो."

"तरीच!" आई म्हणाली. "आठवडाभर न्हाणीघरातून टाळ्यांचे आवाज येतायत. मला वाटलं, हे डास मारतायत!"

"तुमच्या पथकाच्या टाळ्या," बाबा वाडग्याकडे बघत पुटपुटले. "तीन, तीन आणि सात. त्या सातांत माझी चूक व्हायची. आता बरोबर येतात." त्यांचे कान मिकानहून केशरी झाले होते. "पण आता साहेबांना नाही कसं म्हणू?"

म्हणजे आज चिनात्सु मुकाट्यानं करी-भात खात बसली असती, तर उद्या बाबा मैदानावर असते! मिकाननं काहीच केलं नव्हतं. मिकान बिचारी वाट मागत होती! जळायचं तरी कुणावर आता?

पण प्रमुख म्हणजे प्रमुख! ती ताडकन उठली. कमरेवर मुठी, पाय फाकवलेले, छाती पुढे, आणि समोरच्या घरातला कुत्रा दचकून उठेल असा आवाज:

"आई! बाबा! मी ठरवलंय! उद्या आमची शाळा जिंकणार! दुसरी फेरी पुढच्या रविवारी आहे, बाबा, रजा आत्ताच मागून ठेवा!"