मौनीबुवांची वीट

सोमवारी सकाळी दहा वाजता साहेबांनी मौनीबुवांना स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत असं आजवर घडलं नव्हतं.

मौनीबुवा तक्रारींच्या फोनवर बसत. लिफ्टमध्ये अडकलेल्यांच्या शिव्या ऐकून ते फक्त "कळवतो" म्हणत, म्हणून हे नाव. त्यांच्या खुर्चीचा एक पाय तुटका होता आणि त्याखाली ऑफिसनेच दिलेली वीट होती. नवी खुर्ची ते कित्येक वर्षं मागत होते. साहेबांचा नियम कडक: नवं हवं तर जुनं माझ्या हातात द्या. पेन्सिलीचं थोटूकसुद्धा.

साहेबांनी रविवारी एक सिनेमा पाहिला होता. त्यात नगरपालिकेतला एक तक्रार-कारकून अपमान गिळत गिळत शेवटी मुखवटा चढवतो आणि शहर पेटवून देतो. गरिबांचं कुणी ऐकत नाही, श्रीमंत उंच मनोऱ्यात बसून हसतात आणि खलनायक समाजच घडवतो, असं सिनेमाचं म्हणणं. साहेबांनी त्यातून एवढंच घेतलं, की गप्प बसणाऱ्या माणसावर नजर ठेवावी.

दुपारी नवी खुर्ची आली. जुनी साहेबांनी नियमाप्रमाणे हातात घेतली आणि शिपायाने उचलून नेली. वीट तेवढी राहिली.

"चहा आणि खुर्ची? एकाच दिवशी?" रात्री बायको म्हणाली. "अहो, कापायच्या आधीच बकऱ्याला पाला घालतात."

"काढतील म्हणतेस?"

"काढलंच समजा. निवृत्तीपर्यंत तोंड उघडू नका."

मंगळवारी मौनीबुवा "कळवतो"सुद्धा पुटपुटू लागले. साहेबांनी ते केबिनच्या काचेतून पाहिलं आणि बुवांच्या टेबलावरची कात्री गुपचूप हलवली. मौनीबुवांना रिकामी जागा दिसली. सामान जमा करून घ्यायला सुरुवात झाली तर!

"मनात राग वगैरे नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

सिनेमातला कारकूनही काडी ओढण्याआधी हेच म्हणाला होता.

शेवटी कॅशियरबाईंना राहवेना. "बुवा, साहेबांनी रविवारी पाहिला तो कारकुनाचा सिनेमा बघून या. साहेब तुम्हाला घाबरलेत."

"मला? मला घरचं मांजर भीत नाही हो."

बुधवारी नवराबायको सिनेमाला गेले. सिनेमा सुटल्यावर बायको डोळे पुसत म्हणाली, "अगदी तुमच्यासारखाच आहे हो मेला. फक्त हा पुढे काहीतरी करतो."

मौनीबुवांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे नोकरी जात नाही! उद्या हसून, मोकळेपणाने बोलतो साहेबांशी."

"आणि ती वीट परत करा. नियमावर बोट ठेवायला जागा नको."

गुरुवारी ऑफिसात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. गप्प बसलं की खुर्ची मिळते, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. साहेब केबिनमधून एकेक चेहरा न्याहाळत होते. तेवढ्यात काचेपलीकडे मौनीबुवा उभे राहिले. तोंडभर हसू, हातात वीट.

"साहेब, काल तो सिनेमा पाहिला," ते म्हणाले. "म्हटलं, आता हे तुम्हालाच द्यावं."

आतून कडी लागली. घाबरलेल्या साहेबांना एकच नंबर आठवला, प्रत्येक लिफ्टमध्ये छापलेला. मौनीबुवांच्या टेबलावरचा फोन वाजला. वीट काखेत धरून त्यांनी धावत जाऊन तो उचलला.

"मी अडकलोय! कुणाला तरी पाठवा, लवकर!"

"कळवतो," मौनीबुवा म्हणाले.

संध्याकाळी सहापर्यंत दार उघडलेलं नव्हतं. मौनीबुवा अजून बाहेर उभे आहेत. नियमाप्रमाणे वीट दुसऱ्या कुणाच्या हातात देता येत नाही.